‘वयानुसार बदल’ असा रिपोर्ट आला, पण नानांचे पाय उंबऱ्यापाशी का अडतात?

प्रश्न: आम्ही बडोद्यात रावपुऱ्याच्या मागे एका जुन्या घरात राहतो. माझे सासरे, नाना, ७६ वर्षांचे आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. दीड वर्षापासून त्यांची चाल बदलली आहे. पाय घासत, लहान पावलं टाकत चालतात. उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दोनदा पडले. सहा-सात महिन्यांपासून विसरायला लागले आहेत, बोलणं संथ झालंय आणि हल्ली लघवीला जाईपर्यंत धीर निघत नाही. बीपी आहे, शुगर थोडी आहे, ॲसिडिटीची कॅप्सूल तीन वर्षं चालू आहे. मेंदूचा एमआरआय केला. रिपोर्टमध्ये लिहिलंय: मेंदू वयानुसार आक्रसलेला, बारीक रक्तवाहिन्यांचे जुने बदल, फझेकास २, पोकळ्या ठळक. एक डॉक्टर म्हणाले, वय झालं. दुसऱ्यांनी पार्किन्सनची गोळी सुरू केली. तीन महिने झाले, फरक नाही. पुण्याचे दीर म्हणतात, पेट स्कॅन करून टाका. नक्की काय करावं?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात उपयोगी वाटली ती उंबऱ्याची ओळ. नानांचा रिपोर्ट ज्यांनी लिहिला त्यांना ती कोणी सांगितली असेल, असं मला वाटत नाही.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. २६ वर्षं याच शहरात अंधाऱ्या खोलीत स्क्रीनसमोर बसून लोकांचे मेंदू बघते आहे. माझ्याकडे पेशंट येतो तो मशीनच्या पाटावर आडवा. सोबत एक चिठ्ठी, तिच्यावर ‘ब्रेन एमआरआय’ आणि फार तर ‘मेमरी लॉस’ एवढंच. माणूस चालतो कसा, खुर्चीतून उठतो कसा, हे मला दिसतच नाही. आणि ७६ वर्षांच्या माणसाच्या मेंदूत काही ना काही दिसतंच. मग हात आपोआप टाइप करतो: ‘वयानुसार बदल’. खोटं काही नसतं त्यात. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तरही नसतं.

मीही हे केलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांचा स्कॅन मी असाच ‘वयानुसार’ म्हणून बाजूला ठेवला आणि चहाला बाहेर पडले. कॉरिडॉरमध्ये ते मुलाचा हात धरून चालले होते. पाय एकमेकांपासून लांब, पावलं बोटभर उंचसुद्धा उचलली जात नव्हती, वळताना सात-आठ पावलं लागली. हात मात्र छान हलत होते. मी चहा तसाच टाकून परत आले, चित्रं पुन्हा उघडली आणि या वेळी पट्टी लावून मापं घेतली. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत बदलला होता. चित्रं तीच होती, मला दिसलेला माणूस नवा होता. तेव्हापासून आमच्या टेक्निशियनला सांगून ठेवलंय: साठीच्या पुढचा पेशंट असेल तर कपडे बदलायच्या खोलीतून मशीनपर्यंत शक्यतो चालत आणायचा, आणि मला हाक मारायची.

आता नानांच्या रिपोर्टकडे येते. त्यात तीन गोष्टी लिहिल्यात आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिली, ‘मेंदू आक्रसलेला’. ७६व्या वर्षी थोडा आक्रसणारच, केस पांढरे होतात तसा. हे वाक्य एकटं असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. प्रश्न असतो कुठे आक्रसला याचा. आठवणी साठवायला मदत करणारा हिप्पोकॅम्पस हा भाग कानाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये असतो. तो समोरून घेतलेल्या छेदांत नीट दिसतो आणि त्याला ० ते ४ असे गुण द्यायची पद्धत १९९२ पासून आहे, डच न्यूरॉलॉजिस्ट शेल्टन्स यांच्या नावाने ओळखली जाते. पंचाहत्तरीनंतर २ गुण असले तरी घाबरायचं कारण नसतं. ३ किंवा ४ असतील तर अल्झायमरचा विचार जोर धरतो. नानांच्या रिपोर्टमध्ये हा आकडा नाही. तो मागून घ्या.

दुसरी, ‘फझेकास २’. याचं नाव ऐकून लोक दचकतात. आमच्याकडे एक काका रिपोर्ट घेऊन परत आले होते, म्हणाले, हा फझेकास नावाचा आजार मला कुठून लागला? आजार नाही तो. फझेकास हे ऑस्ट्रियातले डॉक्टर. एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात जे चमकदार ठिपके दिसतात त्यांची प्रतवारी त्यांनी १९८७ मध्ये मांडली: ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांना भिडायला लागलेत, ३ म्हणजे मोठे पट्टे झालेत. हे ठिपके म्हणजे केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांनी वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी रक्त पोचवल्याची खूण. त्याचं मोठं कारण बीपी, मग मधुमेह, तंबाखू, वय.

चालीशी याचा संबंध थेट आहे. चालणं आपल्याला पायांचं काम वाटतं. खरं तर कपाळामागचा भाग ठरवतो, आत खोलवरचे चेतापेशींचे पुंजके लय धरतात, मागचा लहान मेंदू तोल सांभाळतो आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या तारा त्याच पांढऱ्या भागातून जातात. तारांचं आवरण झिजलं की निरोप उशिरा पोचतो. युरोपात ६३९ वृद्धांना घेऊन झालेल्या लॅडिस नावाच्या अभ्यासात, ठिपके खूप असलेल्या लोकांमध्ये तीन वर्षांत परावलंबी होण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण, ठिपके थोडे असलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. म्हणजे ‘बारीक रक्तवाहिन्यांचे बदल’ ही दुर्लक्ष करायची ओळ नव्हे. तरी मी एक सांगते: फक्त फझेकास २ मुळे पाय असे चिकटावेत आणि वर लघवीही थांबू नये, हे मला जरा जास्त वाटतं. २ असूनही रोज सकाळी कमाटीबागेला दोन फेऱ्या मारणारे लोक मी ओळखते.

म्हणून माझी नजर तिसऱ्या ओळीवर थांबते. ‘पोकळ्या ठळक.’

मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या चार पोकळ्या असतात. हे पाणी दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर तयार होतं, पण एका वेळी डोक्यात आणि कण्यात मिळून असतं जेमतेम १५० मिलिलिटर. म्हणजे ते दिवसातून तीनेक वेळा नवं होतं, जुनं वरच्या बाजूने रक्तात शोषलं जातं. या शोषण्यात बिघाड झाला की पोकळ्या हळूहळू फुगतात. पाठीतून मोजलेला दाब मात्र बहुतेक वेळा नेहमीसारखाच येतो. म्हणून या आजाराला नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस म्हणतात, आमच्या बोलण्यात एनपीएच. कोलंबियातले न्यूरोसर्जन सालोमोन हाकीम यांनी तो ओळखला आणि १९६५ मध्ये अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर त्यावर लिहिलं. त्याची तीन लक्षणं वैद्यकीय विद्यार्थी पाठच करतात: चाल बिघडणं, विसरणं, लघवी न थांबणं. सहसा चाल आधी बिघडते. पायांना जाणाऱ्या तारा या फुगलेल्या पोकळ्यांच्या अगदी काठावरून वळसा घेतात म्हणून असं होतं, असं जुनं स्पष्टीकरण आहे. ते पूर्ण नाही, पण लक्षात ठेवायला सोपं आहे.

तुमच्या पत्रात तिन्ही लक्षणं आहेत, त्याच क्रमाने. यावरून नानांना एनपीएच आहेच असं मी म्हणत नाही. मी त्यांचं एकही चित्र पाहिलेलं नाही. पण ‘पोकळ्या ठळक’ लिहून तिथेच थांबायला नको होतं, हे नक्की.

अडचण अशी की पोकळ्या दोन कारणांनी मोठ्या दिसतात. मेंदू आक्रसला की रिकामी जागा पाण्याने भरते, त्यात पाण्याचा दोष नसतो. जुन्या वाड्यातली माणसं कमी झाली की खोल्या मोठ्या वाटतात, तसं. दुसरं, पाणी खरंच तुंबतं आणि भिंती बाहेर रेटतं. हा फरक डोळ्यांनी ‘वाटतं’ म्हणून सांगायचा नसतो, मोजायचा असतो. एक माप इव्हान्स इंडेक्स: पुढच्या पोकळ्यांची सगळ्यात जास्त रुंदी भागिले त्याच छेदातली कवटीची आतली रुंदी. ०.३ च्या वर गेलं की पोकळ्या मोठ्या म्हणायच्या. हे माप १९४२ सालचं, सीटी-एमआरआय जन्मायच्या आधीचं, आणि अजून चालतं. पण ते फक्त ‘मोठ्या आहेत’ एवढंच सांगतं, ‘का’ ते सांगत नाही. म्हणून दुसरं माप घ्यायचं. दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांच्या मध्ये जो कोन होतो, त्याला कॅलोसल कोन म्हणतात. समोरून घेतलेल्या छेदात ठरावीक जागी तो मोजतात. आक्रसलेल्या मेंदूत हा कोन बहुधा १०० अंशांच्या पुढे, पसरट असतो. एनपीएचमध्ये तो ९० च्या खाली, टोकदार होतो. तिसरी खूण मापाची नाही, नजरेची आहे: डोक्याच्या अगदी वरच्या भागातल्या घड्या एकमेकींना चिकटून दाट झालेल्या, आणि कानाच्या वरची मोठी फट मात्र उघडी पडलेली. जपानी डॉक्टरांनी या खुणेवर पुष्कळ काम केलंय. नुसत्या आक्रसलेल्या मेंदूत वरच्या घड्याही सैल झालेल्या दिसतात, त्यामुळे ही खूण माझ्या मते मापांपेक्षा जास्त बोलकी आहे.

या तिन्ही गोष्टी नानांच्या आहे त्या एमआरआयवर पाहता येतात. नवा स्कॅन लागणार नाही. तुमच्याकडे फिल्म असेल, पण फिल्मवर मोजणं कठीण असतं. जिथे स्कॅन केला तिथून सीडी मागा. पैसे भरलेत, ती तुमचीच आहे. मग न्यूरॉलॉजिस्टना भेटा आणि म्हणा, चाल, विसरणं आणि लघवी या तिन्हींचा विचार करून या चित्रांवर मापं घ्यायला सांगा.

त्याआधी घरी काही गोष्टी बघून ठेवा. यात यंत्र काही लागत नाही.

नाना चालताना हात हलतात का? पार्किन्सनमध्ये एका बाजूचा हात लवकर गप्प होतो, पाठ वाकते, पाय जवळजवळ पडतात, बहुतेकदा एका हाताला कंप असतो. एनपीएचमध्ये पाय फाकून पडतात, हात बऱ्यापैकी हलत राहतात, तळवे जमिनीवरून उठत नाहीत. आणखी एक: जमिनीवर रेघा किंवा चौकटीच्या फरशा असल्या तर पार्किन्सनच्या माणसाचे पाय पुष्कळदा मोकळे होतात, रेघ ओलांडायची म्हणून पाऊल उचललं जातं. एनपीएचच्या माणसाला रेघेचा तेवढा फायदा होत नाही. तुमच्या जुन्या घरात काळ्या-पांढऱ्या फरशा असतीलच. तिथे नाना कसे चालतात ते बघा.

मग त्यांना पलंगावर उताणं झोपवा आणि हवेत सायकल चालवल्यासारखे पाय हलवायला सांगा. एनपीएचचा माणूस हे पुष्कळदा छान करतो. पाय चालतात, ताकदही असते; उभं राहून चालायचं म्हटलं की तेच पाय विसरतात. घरच्यांना वाटतं, नाटक करतात. नाना नाटक करत नाहीत, हे घरात सगळ्यांना सांगा. आणि गुडघे दुखतात म्हणून असं चालतात, ही समजूतही इथेच तपासून होते.

तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? जात असेल तर दोष पायांच्या संवेदनेचा असू शकतो. शाकाहारी घरांत बी १२ कमी असणं अतिशय सामान्य आहे, आणि त्यातून चाल, स्मरण दोन्ही बिघडतात. मेंदूचा एमआरआय तेव्हा साफ असू शकतो. बी १२ आणि थायरॉइड या दोन रक्ततपासण्या झाल्या नसतील तर पेटच्या नादी लागण्याआधी त्या करा, पेटच्या तुलनेत त्यांचा खर्च नगण्य आहे.

शेवटची घरगुती तपासणी बोलण्याची. नाना चालत असताना शेजारून सहज काही विचारा: आज दूध किती घेतलं? उत्तर देण्यासाठी ते थांबतात का? स्वीडनमध्ये १९९७ साली वृद्धाश्रमातल्या ५८ लोकांवर हेच पाहिलं. १२ जण बोलण्यासाठी चालणं थांबवत होते, त्यांतले १० पुढच्या सहा महिन्यांत पडले. चालणं आपोआप होत असेल तर बोलायला मेंदू मोकळा असतो. चालण्यासाठीच लक्ष खर्ची पडत असेल तर बोलायला काही उरत नाही. चाल आणि स्मरण हे दोन वेगळे आजार म्हणून दोन डॉक्टरांकडे दोन फायली घेऊन फिरणारी कुटुंबं मी रोज बघते. न्यूयॉर्कमध्ये काम केलेले न्यूरॉलॉजिस्ट जो वर्गीस यांनी २०१३ मध्ये या जोडीला एक नावच दिलं: वयाच्या मानाने मंद चाल आणि सोबत विसरण्याची तक्रार, पण अजून डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहार अडावेत इतका स्मृतिभ्रंश, नाही. अशा लोकांना पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका जास्त असतो, आणि हे ओळखायला घड्याळ आणि दोन प्रश्न पुरतात.

तुमच्यासारखे वाचणारे लोक मला विचारतात, मग चालतानाच मेंदूचं चित्र का काढत नाहीत? काढता येत नाही, म्हणून. एमआरआयमध्ये पाटावर पंधरा-वीस मिनिटं डोकं न हलवता पडून राहावं लागतं. संशोधक त्यावर वाटा काढतात. पडल्या पडल्या ‘आपण चालतोय’ अशी कल्पना करायला सांगून एमआरआय करतात. किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देऊन माणसाला खरंच चालवतात आणि नंतर पेटखाली झोपवतात. चालताना मेंदूच्या ज्या भागांनी साखर ओढली ते मागाहून दिसतात. कपाळावर दिव्यांचा पट्टा बांधून प्रकाशाने रक्ताचा पुरवठा मोजणाराही एक प्रकार आहे, तो बांधून माणूस बोलत बोलत चालू शकतो. वयस्क लोकांमध्ये चालता-बोलता कपाळामागच्या भागाला जास्त काम पडतं, हे त्यातून पुढे आलं. हे सगळं अभ्यासाचं. नानांसाठी यातलं काही करायची गरज नाही.

आणि पेट? दिरांना सांगा, अजून नाही. पेटचा उपयोग तेव्हा, जेव्हा हिप्पोकॅम्पसचे गुण, मापं, रक्त, औषधं सगळं बघून झाल्यावरही अल्झायमर की दुसरं काही असा पेच उरतो. पहिली पायरी म्हणून पेट करणं म्हणजे रावपुऱ्यातून इथल्याच मांडवीला जायला अहमदाबादवरून जाणं.

औषधांवरून एक गोष्ट आठवली, आणि ती तुम्ही ओझरती लिहिलीत. ॲसिडिटीची कॅप्सूल, तीन वर्षं. तिची पट्टी काढा आणि मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. नुसतं रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल असेल तर ठीक. त्यासोबत लेव्होसल्पिराइड असेल तर थांबा. पोट जड वाटतं म्हणून दिलेलं हे औषध मेंदूतल्या डोपामिनच्या कामात अडथळा आणतं आणि म्हाताऱ्या माणसांत हुबेहूब पार्किन्सनसारखी चाल आणू शकतं. चक्करसाठी दिली जाणारी सिनारिझिन, अर्धशिशीसाठीची फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, यांचंही तेच. दुकानात मागितली की मिळतात, मग वर्षानुवर्षं चालू राहतात. एमआरआयमध्ये यातलं काही दिसत नाही. चाल बिघडलेल्या किती लोकांच्या पिशवीत ही पट्टी निघते हे बघून मला मशीनपेक्षा पिशवीवर जास्त विश्वास बसायला लागलाय. औषध स्वतःहून बंद करू नका, पण पट्टी डॉक्टरांसमोर ठेवा आणि हे चालू ठेवायचं का, असं सरळ विचारा. ते बंद केल्यावरही फरक पडायला आठवडे लागतात, कधी महिने. झोपेच्या गोळ्या आणि लघवी रोखायच्या काही गोळ्याही विसरणं वाढवतात. ‘लघवी थांबत नाही’ म्हणून कोणी तशी गोळी सुरू करू पाहिली तर आधी हे सगळं सांगा.

दोनदा पडले, हेही रिपोर्ट लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं. नाना रक्त पातळ करायची गोळी किंवा ॲस्पिरिन घेतात का? म्हातारपणी डोक्याला लागलेला साधा मारही आठवड्यांनंतर कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साठवतो. चाल बिघडते, सुस्ती येते, विसरणं वाढतं. एमआरआयमध्ये हे सहसा सुटत नाही, पण तुमचा एमआरआय शेवटच्या पडण्याच्या आधीचा असेल तर तो जुना झाला. त्यानंतर नाना अचानक जास्त मंद किंवा झोपाळू झाले असतील, तर मापांची वाट न बघता त्याच दिवशी सीटी करून घ्या. असं रक्त साठलेलं असेल तर कवटीला छोटं छिद्र पाडून ते काढता येतं, आणि माणूस पुष्कळदा चार-आठ दिवसांत ओळखू येण्याइतका सुधारतो. मान आणि कंबर हाही एक कोपरा आहे: मानेत मज्जारज्जूवर दाब असेल तरी पाय अडखळतात आणि लघवीची घाई होते. हातांची बोटं बटण लावताना अवघडतात का, हे बघा. अवघडत असतील तर मानेचा एमआरआय लागेल.

समजा मापं एनपीएचकडे बोट दाखवतात. मग पुढची पायरी पाठीतून पाणी काढण्याची. हे नाव ऐकून घरात रडारड होते, ती मला नवी नाही. सुई कंबरेत, मज्जारज्जूच्या बऱ्याच खाली जाते. ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढतात. आधी चालायला लावून वेळ आणि पावलं मोजतात, काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात. चाल सुधारली तर शंटचा उपयोग होईल अशी आशा धरता येते. सुधारली नाही तर दार बंद झालं असं नाही. ही चाचणी काही जणांना चुकवते, कधी जास्त दिवस नळी ठेवून पाणी काढावं लागतं.

शंट म्हणजे कातडीखालून जाणारी एक बारीक नळी, डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात सोडणारी, मध्ये झडप. या शस्त्रक्रियेबद्दल वर्षानुवर्षं वाद होता की फायदा खरा की मनाचा. २०२५ मध्ये त्याचं चोख उत्तर आलं. ९९ रुग्णांना शंट बसवला. हे सगळे असे, ज्यांची चाल आधी तात्पुरतं पाणी काढल्यावर सुधारली होती. अर्ध्यांची झडप उघडी ठेवली, अर्ध्यांची इतकी घट्ट की पाणी जवळजवळ जाऊच नये, आणि कोणाची कशी हे त्यांना सांगितलं नाही. तीन महिन्यांनी उघड्या झडपेवाल्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.२३ मीटरने वाढला, दुसऱ्यांचा ०.०३. पडणंही कमी झालं. पण त्या तीन महिन्यांत स्मरणाच्या आणि लघवीच्या गुणांत ठळक फरक दिसला नाही, आणि उघड्या झडपेच्या गटात डोक्यात रक्त साठण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणून शंटकडून पहिली अपेक्षा चालीची ठेवायची. माझ्या त्या शिक्षकांचंही तसंच झालं: शस्त्रक्रियेनंतर वर्षभर तरी ते काठीशिवाय मांडवीच्या विठ्ठलमंदिरात जात होते, नातवाचं नाव मात्र चुकतच राहिलं.

दुसरीकडे, मापं पसरट कोन आणि सैल घड्या दाखवतील, तर गोष्ट रक्तवाहिन्यांकडे वळते. दोन्ही एकत्रही असतात, आणि या वयात तसंच जास्त दिसतं. ठिपके पुसता येत नाहीत. वाढ मात्र मंदावता येते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांमध्ये चारेक वर्षांत या ठिपक्यांचं आकारमान सरासरी ०.९२ घन सेंटिमीटर वाढलं, १४० च्या खाली ठेवलेल्यांमध्ये १.४५. हे वाचून नानांची बीपीची गोळी वाढवू नका. पडणाऱ्या माणसाचं बीपी आधी झोपून आणि मग उभं राहून मोजायचं असतं. उभं राहिल्यावर ते खाली येत असेल तर जास्त गोळीने तिसऱ्यांदा पडतील.

पार्किन्सनच्या गोळीचं काय, तर ज्यांनी सुरू केली त्यांनी चूक केली असं मला वाटत नाही. अशा चालीत गोळी देऊन बघणं हा रिवाज आहे. पुरेशा डोसने, पुरेसे दिवस देऊनही काहीच फरक नाही, ही स्वतःच एक माहिती आहे, आणि ती पुढच्या डॉक्टरांना डोससकट सांगा. एकदम बंद करू नका.

भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण साधारण ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या आकड्याच्या मानाने एनपीएच क्वचितच आढळतो. तरी मी त्यावर एवढं लिहिलं, कारण तो चुकला तर चुकतो तो बहुधा आमच्यासारख्यांच्या टेबलावर, ‘वयानुसार’ या एका शब्दात.

आता काम. न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी मोबाइलवर नानांचा व्हिडिओ काढा. खुर्चीतून उठणं, तीन मीटर जाणं, वळणं, परत येऊन बसणं. किती सेकंद लागतात ते मोजा; १२ पेक्षा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. कोणीतरी शेजारी हात पुढे करून चालत राहा, पण धरू नका. झोपाळ्यावरून उठताना काढू नका, तिथे धडधाकट माणूसही अडखळतो. फोन जमिनीपासून कंबरेच्या उंचीवर धरा, म्हणजे पावलं दिसतील. लोक चेहऱ्याचं शूटिंग करून आणतात आणि पाय बाहेरच राहतात. सीडी, औषधांच्या सगळ्या पट्ट्या आणि हा व्हिडिओ, तिन्ही एकाच पिशवीत. पुन्हा कुठला स्कॅन सांगितलाच तर चिठ्ठीवर डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्या: ‘दीड वर्ष चाल बिघडलेली, दोनदा पडले, सहा महिने विसरणं, लघवी थांबत नाही, पोकळ्यांची मापं द्यावीत.’ आणि व्हिडिओत उंबरा येऊ द्या.